व्हॉट्सअॅपची अफवा रोखणारी साधनं: भावकीच्या ग्रुपवर कितपत चालतात?

एखादा मजकूर किती हातांतून फिरत आलाय, याचा अंदाज व्हॉट्सअॅपला असतो. तो मजकूर घरच्या ग्रुपवर लगेच का पटतो, हे मात्र त्याला कळत नाही. २०१८ पासून अफवा आवरण्यासाठी जी साधनं एकामागून एक आली, ती इथे एकाच प्रश्नावर पारखली आहेत. 'त्यांनी आपल्या लोकांविरुद्ध डाव रचलाय' या धाटणीचा मजकूर भावकीच्या, गावाच्या, समाजाच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडला, तर यातलं काय कामाला येतं? उत्तर आधीच सांगतो. पसरण्याचा वेग कमी करायला ही साधनं चांगली आहेत. पटलेली गोष्ट मनातून काढायला ती जवळपास निरुपयोगी आहेत. तिथे ग्रुपमधलंच माणूस लागतं, आणि त्या माणसाला हे अॅप फारशी मदत करत नाही.

या साधनांच्या जन्माशी धुळे जिल्ह्याचा संबंध आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे लोक होते. त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. मूळ फितीत शेवटी मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तेवढा भाग कापून उरलेली फीत इकडे आली. १० जुलैला व्हॉट्सअॅपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि २० जुलैला भारतासाठी एका वेळी पाचच चॅट्सची मर्यादा जाहीर केली.

अशा अफवेत टोळीला चेहरा नसतो. ती जागा ऐकणारे भरतात. ज्याची बोली वेगळी, पेहराव वेगळा, ज्याला गावात कोणी ओळख देणारं नाही, तो टोळीतला ठरतो. फिरस्त्या समाजांवर ही पाळी नेहमी येते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, नजरेतला शिक्का गेला नाही. तेव्हा राईनपाड्याला घातक ठरली ती एकटी चित्रफीत नव्हे. 'आपली मुलं' आणि 'बाहेरचे लोक' ही विभागणी आधीच तयार होती. मजकुराच्या वेगावर चालणारं कुठलंही साधन या विभागणीपर्यंत पोचत नाही, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवा.

गट आणि कॉन्स्पिरसी थिअरी, म्हणजे कारस्थानाच्या कहाण्या, यांच्या नात्यावर बरंच काम झालंय. त्यातला आमच्या मते सर्वांत उपयोगाचा धागा आग्नेष्का गोलेत्स दे झावाला आणि अलेक्सांद्रा चिहोत्स्का यांच्या संशोधनात सापडतो. स्वतःच्या गटाबद्दलचा जिव्हाळा दोन प्रकारचा असतो, असं त्या दाखवतात. एक शांत जिव्हाळा: आपले लोक चांगले आहेत, मला त्यांच्यात बरं वाटतं. दुसरा दुखावलेला: आपण थोर आहोत, पण जग ते मानत नाही. या दुसऱ्या प्रकाराला सामूहिक नार्सिसिझम म्हणतात, आणि इतर गट आपल्याविरुद्ध कट करताहेत हा विश्वास त्याच्या हातात हात घालून येतो. पहिल्या प्रकाराचं तसं नाही. म्हणजे जातीचा, धर्माचा, प्रांताचा किंवा भाषेचा अभिमान असणं हा धोका नव्हे. 'आपला इतिहास दाबला', 'आपल्याला कोणी विचारत नाही', 'मीडिया हे कधीच दाखवणार नाही' हा सूर रोजचा झाला, की कारस्थानाच्या मजकुराला जमीन तयार झाली असं समजा. तुमचा ग्रुप कोणत्या प्रकारात मोडतो ते पाहायला कुठलंही अॅप लागत नाही. मागच्या महिन्याभराचे फॉरवर्ड वर सरकवून बघा आणि अशा वाक्यांचे किती भरतात ते मोजा.

आता साधनांकडे वळू.

खुणा दोन आहेत. एकेरी बाण म्हणजे मजकूर दुसरीकडून पुढे ढकललेला आहे. दुहेरी बाण म्हणजे तो पाच किंवा त्याहून जास्त टप्प्यांच्या साखळीतून आलाय. ही दुसरी खूण ऑगस्ट २०१९ मध्ये आली. मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, कंपनी तो वाचत नाही, तरीही टप्पे मोजता येतात, ही तांत्रिकदृष्ट्या चांगली रचना आहे. पण मोजणी फॉरवर्डच्या बटणाला बांधलेली आहे. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, फोटो गॅलरीत साठवून पुन्हा चढवला किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला, की खूण पुसली जाते आणि तो पाठवणाऱ्याचा स्वतःचा मजकूर दिसू लागतो. प्रचाराच्या कामात असलेल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून दुहेरी बाण दिसला तर सावध व्हा, पण तो नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. लांबलचक मजकूर, तळाशी 'जास्तीत जास्त शेअर करा', आणि तरीही बाण नाही, असं दिसलं तर तो कोणीतरी मुद्दाम चिकटवलाय असं धरून चाला.

खुणेची खरी अडचण मांडणीत आहे. ग्रुपमध्ये संदेशावर पाठवणाऱ्याचं नाव ठळक रंगात असतं आणि बाण बारीक, करड्या अक्षरांत. वाचणाऱ्याला आधी मोठे काका दिसतात, मग मजकूर, आणि जमलंच तर बाण. विश्वास काकांवर असतो आणि मजकूर त्या विश्वासावर स्वार होऊन येतो. दुहेरी बाणाचा उलटा अर्थही लावता येतो: इतक्या लोकांनी पाठवलंय, म्हणजे काहीतरी असणारच. खुणेवर बोट ठेवून तिचा अर्थ कोणी समजावून सांगितलेला नसेल, तर ज्येष्ठांच्या ग्रुपवर ती शोभेपुरती उरते.

पुढे ढकलण्यावरची मर्यादा हे या संचातलं सर्वांत दमदार साधन आहे. पाच चॅट्सची मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाचा मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. २०२२ पासून 'फॉरवर्डेड' खूण असलेला कुठलाही मजकूर एका वेळी एकाच ग्रुपला जातो. २०२० च्या बदलानंतर खूप फिरलेल्या मजकुराचं पुढे ढकललं जाणं ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीने सांगितलं होतं. आकडा कंपनीचा आहे हे खरं, पण दिशेबद्दल शंका घेण्याचं कारण दिसत नाही. अफवा पहिल्या काही तासांतच जीव घेते, तेव्हा हा अडसर मोलाचा आहे.

तो कुठे तोकडा पडतो? जिथे साखळी आधीच बांधलेली आहे तिथे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ संपर्क बसतात, एका ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य, आणि कम्युनिटीत असे अनेक ग्रुप एका छत्राखाली येतात. ज्या संघटनेकडे तालुका, गाव, वॉर्ड अशी ग्रुपची उतरंड तयार आहे, तिला एका वेळी एक ग्रुप ही अट जाचत नाही. प्रत्येक पायरीवर एक माणूस असला की झालं. मर्यादेचा त्रास एकट्यादुकट्याला होतो, संघटित गटाला कमी. आणि गटाच्या अस्मितेवर चालणारी कारस्थानं बहुधा संघटितच पसरवली जातात.

अॅडमिनचे अधिकार हा तिसरा भाग. ग्रुपच्या नावावर टॅप करा आणि परवानग्यांच्या सेटिंगमध्ये जा. संदेश कोणी पाठवायचे, माणसं कोणी जोडायची, नव्या सदस्याला अॅडमिनची मंजुरी लागावी का, हे तिथे ठरतं. गावात तणाव असेल तर काही तासांसाठी फक्त अॅडमिनना संदेश पाठवू देणं हा योग्य उपाय आहे, पण ते करताना कारण आणि मुदत दोन्ही लिहा: 'आज रात्री नऊपर्यंत फक्त सूचना. पोलीस ठाण्याशी बोलून सात वाजता माहिती टाकतो.' कारण न देता ग्रुप बंद केला, की उरलेली चर्चा छोट्या खासगी ग्रुपवर सरकते आणि तिथे दुसरी बाजू मांडायला कोणी नसतं.

अॅडमिनला दुसऱ्याचा संदेशही सर्वांसाठी काढता येतो. घरचे पत्ते, फोटो, 'यांना बघून घ्या' अशी चिथावणी असेल तर क्षणाचाही विचार न करता काढा. नुसत्या कारस्थानाच्या मजकुराला मात्र हे हत्यार जपून वापरा. संदेश गेल्यावर त्या जागी अॅडमिनने तो काढल्याची नोंद दिसते, आणि ज्याला आधीच 'हे लोक सत्य दाबतात' असं वाटतं त्याला ती नोंद म्हणजे आयता पुरावा मिळतो. तो संदेश राहू द्यावा आणि त्यालाच रिप्लाय करून खाली दुरुस्ती लिहावी, हे बरं. बऱ्याच अॅडमिनना कायद्याची धास्ती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी अॅडमिन केवळ अॅडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसलं पाहिजे. म्हणजे भीतीपोटी सगळं पुसत सुटायचं कारण नाही.

रिपोर्टचं बटण दाबलं की त्या ग्रुपमधले किंवा व्यक्तीचे शेवटचे पाचपर्यंत संदेश कंपनीकडे जातात, समोरच्याला कळवलं जात नाही. स्पॅम आणि फसवणुकीला ते ठीक. आत्याच्या फॉरवर्डला त्याचा उपयोग नाही.

तथ्यतपासणीच्या सेवांकडे जास्त लक्ष देण्यासारखं आहे. न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो मराठीतही काम करतात, आणि मराठीत लेख असणं ही मोठी सोय आहे. इंग्रजी दुवा टाकला की अर्धा ग्रुप तो उघडतच नाही. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका. व्हिडिओ असेल तर तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि ते शोधा. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश दिसेल अशी चौकट निवडा, चेहऱ्यांची नको. पाटीवरची लिपीच पुष्कळदा प्रकरण मिटवते.

पण तपासणी कोण करतंय, यावर तिचं वजन ठरतं. पीआयबीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रेस इन्फर्मेशन ब्युरोचा, तथ्यतपासणी विभाग सरकारचा आहे. एखादी योजना खरी आहे का, भरतीची जाहिरात बनावट आहे का, यासाठी तो उत्तम. सरकारच कटात आहे असं मानणाऱ्या ग्रुपवर त्याचा दाखला देणं म्हणजे आरोपीलाच साक्षीला बोलावणं. केंद्राच्या कारभाराबद्दलची माहिती खोटी कोणती हे सरकारी विभागानेच ठरवण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीत होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, हेही अशा ग्रुपवर कोणीतरी सांगणारच, आणि ते खरं आहे. तेव्हा दाखला निवडताना 'हा गट कोणाचं ऐकतो' हा प्रश्न पहिला विचारा.

पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेचं उदाहरण इथे नीट पाहावं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारलं. आधी त्या परिसरात चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशा अफवा होत्या. हत्येनंतर दुसरीच अफवा उठली: ही धार्मिक द्वेषातून, ठरवून केलेली हत्या आहे. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची नावं जाहीर केली आणि त्यांत एकही मुस्लिम नसल्याचं सांगितलं. पहिली अफवा गावाच्या 'आपण आणि परके' यावर उभी होती, दुसरी धर्माच्या. घटना एकच, तिच्याभोवती दोन वेगवेगळे गट आपापलं कारस्थान रचत होते. दुसऱ्या अफवेचं उत्तर पहिलीला लागू पडलं नसतं. दुरुस्ती लिहिताना आपण यातल्या कुठल्या प्रश्नाला उत्तर देतोय, हे आधी ठरवलं नाही तर शब्द वाया जातात.

व्हॉट्सअॅपबाहेरच्या दोन गोष्टींची तुलना करायला हवी, कारण त्या हल्ली बऱ्याच सुचवल्या जातात. एक म्हणजे 'बॅड न्यूज' हा ब्राउझरवरचा मोफत खेळ. नेदरलँड्समधल्या ड्रॉग या संस्थेने केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांसोबत तो २०१८ मध्ये आणला. खेळणारा स्वतः खोट्या बातम्यांचा संपादक होतो आणि भावना भडकवणं, फूट पाडणं, कारस्थान रचणं, टीकाकाराला बदनाम करणं असे सहा बिल्ले मिळवतो. वीसेक मिनिटं लागतात. कॉलेजच्या वर्गासाठी छान आहे. त्याच धर्तीवर भारतासाठी केलेल्या व्हॉट्सअॅपछाप खेळाची उत्तर भारतात चाचणी झाली तेव्हा मात्र परिणाम दिसला नाही. पाश्चात्त्य देशांत चाललं म्हणून इथे चालेल असं नाही.

दुसरी गोष्ट 'डिबंकबॉट'. तुमचा ज्या थिअरीवर विश्वास आहे ती आणि त्यामागची कारणं लिहायची, शून्य ते शंभरात विश्वास किती ते सांगायचं, मग एआयशी तीन फेऱ्यांचा संवाद. थॉमस कॉस्टेलो, गॉर्डन पेनिकुक आणि डेव्हिड रँड यांचा २०२४ चा अभ्यास २,१९० अमेरिकी सहभागींवर होता. विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला आणि परिणाम दोन महिन्यांनंतरही टिकला. ती थिअरी ज्यांच्या ओळखीचा भाग झाली होती त्यांच्यातही फरक पडला. हे मनापासून कौतुकास्पद आहे, आणि त्यातून शिकण्याजोगं एक तत्त्वही मिळतं: माणूस नेमकं जे कारण देतो, त्याच कारणाला पुराव्याने उत्तर द्या. तयार छापील खंडनात ते नसतं. पण तो संवाद एकांतात होतो. तिथे कोणी बघत नाही, मान झुकवली तर भावकीत नाक कापलं जात नाही. ग्रुपवर चूक कबूल करायची म्हणजे आपल्या लोकांच्या देखत बाजू सोडायची. ती किंमत या यंत्रात मोजलेलीच नाही. घरात वापरायचं असेल तर फोन आजोबांच्या हातात द्या आणि तिथून उठून जा. खांद्यावरून डोकावू नका.

अस्मिता किती आडवी येते ते बिहारमधल्या एका प्रयोगात दिसलं. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या काळात १,२२४ कुटुंबांत घरोघरी तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं: फोटो कसा शोधायचा, बातमी कशी पडताळायची. एकंदरीत परिणाम दिसला नाही, आणि सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांच्या बाबतीत, आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखणं उलट कमी झालं. कौशल्य हातात आलं तरी ते आपल्या बाजूविरुद्ध वापरायला मन तयार हवं. बद्रीनाथन आणि सायमन शोशार यांच्या दुसऱ्या प्रयोगातून मात्र आशा वाटते. व्हॉट्सअॅप ग्रुपच्या धर्तीवर संवाद दाखवला, त्यात एका सदस्याने 'मला हे खरं वाटत नाही' एवढं म्हटलं, तरी वाचणाऱ्यांचा अफवेवरचा विश्वास कमी झाला. मोठे पुरावे, नामांकित स्रोत नसले तरीही.

पोलिओच्या मोहिमेतही हेच दिसलं होतं. लस म्हणजे मुस्लिमांची संख्या घटवण्याचा डाव, ही अफवा पश्चिम उत्तर प्रदेशात घट्ट बसली होती. सरकारी पत्रकं ती हटवू शकली नाहीत. मशिदीतून इमामांनी लस घ्यायला सांगितलं, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द यांना सोबत घेतलं, त्याच वस्तीतल्या बाया दारोदार फिरल्या. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. संदेश तोच होता, सांगणारं तोंड बदललं.

मग ग्रुपवर दुरुस्ती कशी टाकायची? पहिल्या ओळीत खरी गोष्ट लिहा, अफवा नको: 'ही फीत कराचीतली आहे, मुलं सावध राहावीत म्हणून बनवलेली.' दुसऱ्या ओळीत फसवणूक कशी केली ते: 'शेवटचा भाग कापलाय.' तिसऱ्या ओळीत गटाच्याच भाषेत, गटाच्याच हिताचं कारण: 'आपल्या गावात उद्या कोणी भिक्षेकरी आला आणि कोणी हात उचलला, तर आपलीच पोरं तुरुंगात जातील.' चार ओळींच्या वर जाऊ नका. 'अडाणी', 'अंधभक्त', 'देशद्रोही' यातला एकही शब्द आला की दुरुस्ती संपली आणि भांडण सुरू झालं. अफवेच्या फोटोवर लाल अक्षरांत 'खोटं' लिहून टाकू नका, तो शिक्का कापून फोटो पुन्हा निघतो. ज्याने मूळ मजकूर टाकला त्याला आधी खासगीत कळवा आणि दुरुस्ती त्यालाच टाकू द्या. त्याच्या हातून आलेल्या एका ओळीचं वजन तुमच्या दहा दुव्यांपेक्षा जास्त. तो तयार नसेल तर ग्रुपमधला असा माणूस गाठा, ज्याच्या निष्ठेबद्दल कोणालाच शंका नाही. आणि एकटे उभे राहू नका. दोघातिघांनी 'बरोबर आहे' म्हटलं की गप्प बसलेल्यांना कळतं, शंका घेऊनही इथे आपलंच राहता येतं.

व्हॉट्सअॅपने यासाठी एक गोष्ट करायला हवी होती, ती अजून केलेली नाही. मजकूर ज्या साखळीने गेला त्याच साखळीने दुरुस्ती मागे पाठवता येत नाही. स्वतः पाठवलेला संदेश साधारण अडीच दिवसांच्या आत सर्वांसाठी काढता येतो, पण तो ज्यांनी पुढे ढकलला त्यांच्याकडची प्रत तशीच राहते. त्यामुळे चुकून काही पाठवलं असेल तर काढण्याआधी त्या संदेशावर बोट दाबून धरा, माहितीचा पर्याय उघडा आणि कोणी-कोणी वाचलंय ती नावं लिहून घ्या. वाचल्याच्या निळ्या खुणा ज्यांनी बंद केल्यात तेही ग्रुपमध्ये या यादीत दिसतात. मग संदेश काढा, ग्रुपवर दुरुस्ती टाका, आणि वाचलेल्यांपैकी जे हमखास पुढे पाठवतात अशा तिघाचौघांना फोन करा.